केरी ते हरमल: सडा ओलांडून गोड्या पाण्याच्या तळ्यापर्यंतची एक दिवसाची चाल

गोव्याच्या उत्तर टोकाला, पेडणे तालुक्यात, केरी आणि हरमल या दोन गावांच्या मध्ये जांभ्या दगडाचा एक सडा, म्हणजे खडकाळ पठार, थेट समुद्रात उतरला आहे. त्याच्या दक्षिण कुशीत, पालये गावाच्या हद्दीत, छोटासा पुळणीचा, म्हणजे वाळूचा, किनारा असून त्या किनाऱ्याच्या पाठीशी, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, गोड्या पाण्याचे तळे आहे. बहुतेक मंडळी हरमलहून दुकानांच्या रांगेतून पंधरा-वीस मिनिटांत तेथे पोहोचतात, फोटो काढतात आणि परततात. माझी शिफारस वेगळी आहे. तेरेखोल नदीच्या मुखापाशी केरीला चालायला सुरुवात करावी, सडा चढून तळ्याशी उतरावे, हवे तर हरमलपर्यंत जावे आणि त्याच वाटेने परतावे. फेरीबोटीच्या धक्क्यापासून हरमलपर्यंत एका बाजूचे अंतर चार-साडेचार किलोमीटर भरते, म्हणजे जाऊन-येऊन नऊ किलोमीटरची, मध्ये भरपूर विश्रांती घेता येईल अशी ही चाल आहे.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांनी येथील भूगोलाची एक गंमत लक्षात ठेवावी. तेरेखोलचा किल्ला गोव्यात मोडतो, पण तो नदीच्या उत्तर तीरावर असल्यामुळे जमिनीने महाराष्ट्रालाच जोडलेला आहे. सावंतवाडीहून शिरोडा आणि रेडी या मार्गाने पूल न ओलांडता तेरेखोलला जाता येते आणि तेथून फेरीबोटीने पलीकडे केरीला उतरता येते. रेल्वेने येणाऱ्यांना कोकण रेल्वेचे पेडणे स्थानक जवळचे आहे, तर विमानाने येणाऱ्यांना २०२३ मध्ये सुरू झालेला मोपाचा विमानतळ. फेरीबोटीने जाणाऱ्यांनी परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ उतरतानाच धक्क्यावर विचारून घ्यावी. संध्याकाळी फेरी चुकली तर किरणपाणी-आरोंदा पुलाचा मोठा वळसा पडतो.

आता मुख्य गोष्ट. या चालीचा दिवस रजेच्या सोयीने नव्हे, तर तिथी पाहून ठरवावा. कोकणात भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा हिशेब जुळतो याचे कारण सोपे आहे. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज साधारण तेवढीच पुढे सरकते, आणि पाऊण तास हे त्याचेच सोयीचे रूप आहे. पंधरवडा संपला की ही वेळ जवळजवळ बारा तास पुढे गेलेली असते, म्हणून प्रतिपदेपासून मोजणी पुन्हा सुरू करता येते.

पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते आणि या हिशेबाने ती भर दुपारच्या सुमाराला येते. नेमक्या त्याच वेळी आपण सड्याच्या पायथ्याशी किंवा तळ्यापुढच्या अरुंद पुळणीवर असतो. उलट अष्टमीच्या सुमारास भांग असते, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी. शिवाय पूर्ण ओहोटी दुपारी बाराच्या आसपास येते. सकाळी उतरत्या पाण्यात जावे, पुळण रुंद असताना तळ्याशी बसावे आणि पाणी अर्धे भरण्याच्या आत परतावे, असा तो दिवस आपोआप जुळून येतो. पौर्णिमेच्या चांदण्याच्या मोहाने तारीख ठरवणारे माझे मित्र अजूनही ही गोष्ट मान्य करत नाहीत, हा भाग वेगळा.

हा हिशेब अर्थातच ढोबळ आहे. गोव्याच्या किनाऱ्यावर भरती मुंबईपेक्षा तासाभराने आधी येते, त्यामुळे मुंबईचे भरतीचे कोष्टक घेऊन येथे येऊ नये. मुरगाव बंदराचे पाहावे. तेथील कोष्टकात एकाच दिवसाच्या दोन भरत्यांची उंची सारखी नसते, हेही दिसेल. म्हणून केवळ वेळ नव्हे, तर त्या भरतीपुढे लिहिलेला उंचीचा आकडाही वाचावा.

ऋतूचा विचार थोडक्यात सांगता येईल. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मार्चनंतर सड्यावर सावली नसल्यामुळे दहानंतर चालणे नकोसे होते, आणि पावसाळ्यात समुद्रही खवळलेला असतो व जांभ्यावर शेवाळ धरते, तेव्हा ही वाट सोडून द्यावी.

सकाळी सात-साडेसातला धक्क्यापासून निघावे. डाव्या हाताला सुरूची झाडे आणि उजव्या हाताला आधी नदीचे मुख, मग समुद्र, असा सुरुवातीचा टप्पा सपाट पुळणीवरून जातो. मऊ वाळूत पाय रुततात आणि पोटऱ्या लवकर भरून येतात, म्हणून नुकत्याच ओसरलेल्या पाण्याने घट्ट झालेल्या वाळूवरून चालावे. नदीच्या मुखाजवळ मात्र गुडघाभर पाण्यातही उतरू नये. ओहोटीच्या वेळी खाडीतले सगळे पाणी त्या अरुंद मुखातून बाहेर धावते आणि वरून शांत दिसणाऱ्या पाण्याला खाली जबरदस्त ओढ असते. पलीकडे दिसणारा किल्ला सावंतवाडीच्या भोसल्यांनी सतराव्या शतकात बांधला, १७४६ मध्ये तो पोर्तुगीजांकडे गेला, आणि १५ ऑगस्ट १९५४ रोजी गोवामुक्तीच्या सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा फडकवला. सकाळच्या तिरप्या उन्हात तो या पुळणीवरून फार देखणा दिसतो.

पुळण संपते तेथे सडा आडवा येतो आणि नवखे लोक येथेच चूक करतात. ओहोटीला पायथ्याचे खडक उघडे पडलेले पाहून खालूनच वळसा घालण्याचा मोह होतो. मीही पहिल्या खेपेला तेच केले. निम्म्या वाटेवर शेवाळावरून घसरलो, कालवांच्या धारदार शिंपल्यांनी तळहात सोलला आणि पुढे जावे की मागे फिरावे या विचारात पाणी चढू लागले. तेव्हापासून माझा नियम एकच: ओहोटी कितीही खोल असो, वाट वरूनच घ्यावी. पुळणीच्या टोकाकडून वर चढणारी पायवाट थोडी उभी आहे, पण सावकाश चढल्यास कोणालाही जमण्यासारखी आहे. जांभा वरून खडबडीत आणि टोकदार असतो, म्हणून चपला नव्हे, तर चांगली पकड असलेले बूट घालावेत. हिवाळ्यात वाळलेले गवत उतारावर विलक्षण निसरडे होते. करवंदीच्या जाळीला धरून तोल सावरण्याचा प्रयत्न केल्यास काटे बोचतात, तेव्हा हातात काठी असलेली बरी. सड्याच्या कड्यापासून चार पावले आत चालावे, कारण जांभ्याची कड खालून पोखरलेली असू शकते आणि वरून ते कळत नाही. दुपारनंतर समुद्रावरचा वारा वाढला की येथून पॅराग्लायडर उडतात. त्यांच्या धावण्याच्या जागेत बसून डबा उघडू नये.

सड्याच्या दक्षिण उतारावरून खाली येताना एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला झाडीने वेढलेले तळे आणि दोहोंमध्ये वाळूची अरुंद पट्टी, असे संपूर्ण दृश्य एकदम समोर येते. येथे थोडे थांबावे, कारण तळे का निर्माण झाले हे इथूनच कळते. सच्छिद्र जांभा पावसाचे पाणी स्पंजासारखे शोषून घेतो. ते खाली चिकणमातीच्या थरापर्यंत झिरपते आणि दरीच्या तळाशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. पावसाळ्यात हा ओहोळ वाळू फोडून समुद्राला मिळतो. उघडीप झाली की लाटा पुन्हा वाळू आणून टाकतात, तोंड बुजते आणि मागे पाणी साठते. वरून गोड्या पाण्याचा पुरवठा चालू असल्यामुळे तळ्याची पातळी समुद्राच्या वर राहते आणि पाणी खारट होत नाही. ओहोळाच्या कडेने आत गेल्यावर जी पिवळी माती लोक हौसेने अंगाला फासतात, तीही याच चिकणमातीची असावी असे मला वाटते. तिच्या औषधी गुणांविषयी जे सांगितले जाते त्यावर फारसा भरवसा ठेवू नये. आणखी आत झाडीत एक जुना, पारंब्यांनी पसरलेला वड आहे; तेथपर्यंतची सावलीतली वाट मला तळ्यापेक्षाही अधिक आवडते.

तळ्यात उतरताना काठापासून दूर जाऊ नये, कारण तळ गाळाचा असून खोली एकाएकी वाढते. साबण आणि शांपू वापरू नये. भरती-ओहोटीने धुऊन निघणारे हे पाणी नव्हे, त्यात घातलेले सगळे पुढच्या पावसापर्यंत तेथेच राहते. समुद्रात जायचे असल्यास जीवरक्षकांचा लाल बावटा दिसल्यावर वाद घालू नये. पाण्याची ओढ लागलीच तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजत न बसता किनाऱ्याला समांतर पोहत तिच्या पट्ट्यातून बाहेर पडावे आणि मगच आत वळावे.

माणशी दोन ते तीन लिटर पाणी, टोपी, डबा आणि कचरा परत आणण्यासाठी एक पिशवी एवढे सामान पुरे. हरमलला जेवायचे असेल तर तळ्यापासून खडकांच्या कडेने जाणारी बांधीव वाट आहे; माझ्या मते मात्र डबा वडाखालीच खावा. परतीला अडीचपर्यंत निघावे. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो, आणि सड्याचा केरीकडचा उभा उतार अंधारात उतरण्यासारखा नाही. चारपर्यंत पुळणीवर पोहोचलात तर धक्क्यापर्यंत सावकाश चालत जाऊनही फेरी मिळते.