थंडीत डिझेल गाडी चालू होत नाही? ‘हीटर गेला’ म्हणण्याआधी या चुका टाळा

पहाटे पाच वाजता घरातल्या रुग्णाला सेवाग्रामला न्यायचे असते आणि अंगणातली जुनी डिझेल जीप सेल्फवर नुसती घरघरत राहते, हा प्रसंग वर्धा-यवतमाळकडच्या खेड्यांत नवा नाही. विदर्भ उन्हासाठी ओळखला जातो, पण येथील हिवाळाही बोचरा असतो. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस नागपुरात पारा ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. अशा सकाळी गाडी अडली की ‘हीटर गेला’ असे निदान क्षणात होते, चारही हीटर प्लग बदलले जातात आणि दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा तशीच अडते.

हे का होते, ते समजण्यासाठी हीटर प्लगचे काम नेमके किती आहे, हे पाहावे लागेल. डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा सोळा ते बावीस पट दाबली गेली की ती आपोआप तापते आणि त्या तापलेल्या हवेत नोझलने फवारलेले डिझेल पेट घेते. इंजिनचे गार लोखंड मात्र ही उष्णता शोषून घेते, आणि सेल्फ मंद फिरत असेल तर दाबलेली हवाही पिस्टनच्या रिंगांच्या फटींतून निसटते. त्यातली उष्णतेची तूट लालबुंद टोकाने भरून काढणे, एवढेच हीटर प्लगचे काम आहे. डाऊन झालेली बॅटरी, पाइपात शिरलेली हवा किंवा पाणी मिसळलेले डिझेल यांची भरपाई तो करू शकत नाही.

पहिली चूक म्हणजे धूर न पाहणे. एकाला सेल्फ मारायला सांगून दुसऱ्याने सायलेन्सरकडे पाहावे. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल तर डिझेल आत पोहोचत आहे, पण ते पेटत नाही; अशा वेळी हीटर, बॅटरी किंवा कॉम्प्रेशनकडे, म्हणजे सिलिंडरमधल्या हवेच्या दाबाकडे, लक्ष द्यावे. धूरच नसेल तर डिझेल पोहोचतच नाही, आणि हीटर कितीही तापला तरी जाळायला काही नाही. जुन्या मिस्त्रींची आणखी एक साधी विचारणा मला फार उपयोगी वाटते: हाच त्रास वैशाखातही होत होता का? ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हासुद्धा गाडी सकाळी कुरकुरत असेल, तर दोष बहुधा हीटरचा नाही.

यात इंजिनाच्या घडणीचाही भाग आहे. १.४ लिटरच्या जुन्या इंडिकासारख्या गाड्यांत डिझेल आधी एका छोट्या उपकक्षात फवारले जाते. त्या कक्षाच्या भिंती उष्णता ओढून घेतात, म्हणून साधारण थंडीतही त्यांना हीटर लागतो. थेट सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नंतरच्या इंजिनांना मात्र आठ-दहा अंशांत हीटरची फारशी गरज पडत नाही. अशी गाडी आपल्या थंडीत अडत असेल तर संशय आधी दुसरीकडे जावा.

मी स्वतः हा धडा पैसे मोजून घेतला आहे. गाडी सकाळी चालू होईना म्हणून मी चारही प्लग बदलले, तरी फरक पडला नाही. पुढे लक्षात आले की तोंड गोठ्याच्या चढाकडे करून उभी केलेल्या रात्रीनंतरच ती रुसते, उताराकडे तोंड असले की निमूट चालू होते. डिझेलच्या परतीच्या रबरी नळीला केसाएवढी चीर होती; रात्रभरात तिच्यातून हवा शिरत असे आणि इंजिन उंचावर राहिल्याने डिझेल मागे टाकीकडे उतरत असे. काही रुपयांच्या नळीने काम झाले, आणि काढून ठेवलेले चारही प्लग चांगले निघाले.

तपासणीतली सर्वांत घातक चूक मात्र वेगळीच आहे. चारही प्लगना जोडणारी धातूची पट्टी न काढताच प्लग तपासले जातात. हे प्लग समांतर जोडलेले असल्यामुळे एक जरी चांगला असला तरी टेस्ट लॅम्प पेटतो आणि चारही ठीक असल्याचा भास होतो. म्हणून पट्टी सोडवावी, एकवीस वॅटच्या बल्बचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावावे आणि दुसरे एकेका प्लगच्या माथ्याला टेकवावे. बल्ब पेटला नाही तर तो प्लग गेलेला आहे. मल्टिमीटरवर चांगला प्लग गार असताना साधारण अर्धा ते दीड ओहम दाखवतो, परंतु मीटरच्या तारांचा स्वतःचा रोधही या आकड्यात मिसळतो, तेव्हा आधी दोन्ही तारा एकमेकींना टेकवून येणारा आकडा वजा करावा. नव्या गाड्यांतील कमी व्होल्टेजचे प्लग थेट बारा व्होल्टवर लावून ‘लाल होतो का’ पाहण्याची हौस करू नये, कारण ते काही क्षणांत जळतात.

डॅशबोर्डवरचा हीटरचा पिवळा दिवा विझला म्हणजे हीटर तापला, असेही समजू नये. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो दिवा केवळ ठरावीक वेळ मोजतो. प्लगच्या पट्टीपर्यंत वीज येत नसेल तर प्लगऐवजी रिले (प्लगना वीज जोडणारा स्विच) किंवा जाड फ्यूज तपासावा.

बॅटरीबद्दल थोडक्यात सांगतो. चार प्लग मिळून चाळीस ते साठ अँपिअर ओढतात, त्यामुळे दुबळ्या बॅटरीवर सात-आठ वेळा हीटर देणे म्हणजे सेल्फच्या वाट्याचे चार्जिंग आधीच खर्च करणे होय. सेल्फ मारताना बॅटरी ९.६ व्होल्टच्या खाली घसरत असेल तर पहिला दोष तिचा धरावा, आणि सेल्फ एका दमात दहा-पंधरा सेकंदांपेक्षा अधिक मारू नये.

आता आपल्याकडच्या खास उपायांविषयी. पऱ्हाट्या किंवा तुराट्या पेटवून इंजिनच्या ऑइल चेंबरखाली शेकोटी करण्याची पद्धत मी कित्येक खळ्यांवर पाहिली आहे. ऑइल पातळ होते हे खरे, पण वर झिरपणारे डिझेल आणि उघड्या वायरी असताना गाडीच पेटण्याचा धोका आहे. हवेच्या नळीत स्टार्टिंग स्प्रे मारणे त्याहून वाईट, कारण तापलेल्या हीटरवर ती वाफ अवेळी पेटून पिस्टनच फुटू शकतो. डिझेलमध्ये रॉकेल मिसळल्यास पंपाला आणि नोझलला मिळणारे वंगण कमी होते. ड्रममध्ये उन्हाळ्यापासून साठवलेल्या डिझेलची शंका मात्र रास्त आहे: डिझेलसाठीच्या आयएस १४६० या भारतीय मानकात थंडीने फिल्टर तुंबू लागण्याची मर्यादा हिवाळी डिझेलसाठी ६ अंश आणि उन्हाळी डिझेलसाठी १८ अंश आहे, त्यामुळे गोंदियाच्या बाजूच्या एखाद्या गारठलेल्या पहाटे उन्हाळी साठा खरोखरच फिल्टरमध्ये घट्ट होऊ शकतो.

युरोपातल्या काही गाड्यांना डिझेल जाळून इंजिनचे पाणी तापवणारी छोटी शेगडी बसवलेली असते. वेबास्टो आणि एबरस्पेशर ही त्यातली परिचित नावे. तशी शेगडी आपल्या हवामानाला लागत नाही. कोणी हौसेने बसवली असेलच तर उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा दहा मिनिटे चालवावी, नाहीतर आत काजळी आणि चिकटा धरतो. शिवाय टाकीत डिझेल कमी असले किंवा बॅटरी उतरली की ती पेटायचे नाकारते, आणि तिथेही दोष शेगडीच्याच माथी मारला जातो.

प्लग खरोखर गेला असेल तर तो इंजिन गरम असताना, आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल सोडून, जोर न लावता काढावा. हेडमध्ये तुटलेला प्लग काढण्याचा खर्च नव्या प्लगच्या कित्येक पट येतो. बाहेर आलेल्या प्लगचे टोक नीट पाहावे. ते वितळलेले किंवा कुरतडल्यासारखे दिसले तर त्या सिलिंडरचे नोझल फवारण्याऐवजी थेंब टाकत आहे, आणि ते तपासून घेतल्याशिवाय त्या जागी नवा प्लग बसवू नये.