राजगड-तोरणा-रायगड करताय? या चुका टाळा

तीन गड म्हणजे तीन दिवस, असा सरळ हिशोब बहुतेक जण घालतात आणि तिथेच ट्रेक फसतो, कारण खरी चाल गडांच्या मधे आहे. पाणी कुठे मिळेल आणि अंधार कुठे पडेल हे बघून दिवस पाडा, हाताशी एक दिवस जास्तीचा ठेवा.

आधी पाणी. राजगडाच्या पद्मावती माचीवर पाणी असतं म्हणून लोक एखादी बाटली भरून संजीवनी माचीवरून अळू दरवाज्याने निघतात, पण पुढे तोरण्याच्या बुधला माचीपर्यंतची डोंगरधार बरीच उघडी आहे आणि पाण्याचा भरवसा नाही, त्यामुळे माणशी ३-४ लिटर घ्या आणि उजाडतानाच निघा. कोणाला चक्कर आली, पायात गोळे आले तर ओढत नेऊ नका. मधल्या खिंडीत डांबरी रस्ता लागतो, तिथून वेल्ह्याला जा आणि ट्रेक थांबवा, बुधल्याखालचा चढ थकलेल्या माणसासाठी नाहीच.

सगळ्यात धोक्याची चूक मात्र नाळेची, म्हणजे घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या उभ्या घळीची. तोरण्यापुढच्या मोहरी-सिंगापूर या घाटमाथ्यावरच्या गावांत पोचलं की वाटतं आता काय, उतारच तर आहे, आणि दुपार टळल्यावर लोक नाळेत घुसतात. सिंगापूर नाळ घ्या नाहीतर रायलिंग पठाराजवळची बोराटा नाळ घ्या, घसारा आहे, दगड सुटे आहेत, वरच्याच्या पायाखालून निसटलेला धोंडा थेट खालच्यावर येतो. त्या रात्री वरच मुक्काम करा, गावातला वाटाड्या घ्या, सकाळी उतरा, आणि एकाच्या सरळ रेषेत खाली दुसरा नको. पावसाळ्यात तर विचारच करू नका, नाळ ही मुळात पाण्याची वाट.

वाट चुकली तर? कारवीत ढोरवाटा फार फुटतात. शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत मागे या, खाली कोकणातलं गाव दिसतंय म्हणून सरळ उतरायला लागू नका, मधे कडा असतो. ऑफलाइन मॅप घरूनच घेऊन ठेवा.

आग्या मोहोळं असतात, परफ्यूम, धूर, आरडाओरडा नको. बूट आधी वापरून मऊ केलेले हवेत.

रायगडाच्या पायथ्याला संध्याकाळी पोचलात तर गावात राहा आणि गड सकाळी चढा. जगदीश्वर आणि महाराजांची समाधी, टॉर्चच्या उजेडात, एसटी चुकेल या घाईत बघू नका हो.