कॅरॅव्हॅन घेऊन युरोपात फिरताय? रात्रीच्या मुक्कामाचं बघा
फ्रान्समधे 'एर द कॅम्पिंग-कार' (रात्री गाडी लावायची जागा) असा बोर्ड दिसला की लगेच वळू नका, ती सोय बहुतेक ठिकाणी मोटरहोमवाल्यांसाठी (म्हणजे गाडीतच घर असलेल्यांसाठी) असते, मागे ओढायची कॅरॅव्हॅन तिथे चालत नाही, जर्मनीतल्या बऱ्याच श्टेलप्लात्झचंही (तिथल्या अशाच जागांचंही) तेच. आपल्यासाठी बेस्ट म्हणजे गावातलं 'कॅम्पिंग म्युनिसिपल', म्हणजे नगरपालिकेचं कॅम्पिंगचं मैदान, स्वस्त आणि साधं. फक्त दुपारी १२ ते २ रिसेप्शन बऱ्याचदा बंद असतं (जेवण म्हणजे जेवण!) त्यामुळे ४-५ पर्यंत पोचा आणि एकाच रात्रीसाठी असाल तर लांबीला मोठी जागा मागा, म्हणजे कॅरॅव्हॅन गाडीपासून सोडवायला लागत नाही, सकाळी कॅरॅव्हॅनचे खाली टेकवलेले आधाराचे पाय वर करा, विजेची वायर गुंडाळा की निघालात. हायवेच्या पार्किंगमधे मात्र झोपू नका, चोऱ्या होतात.