परदेशात फिरताना वाहन कसे निवडावे: बडोद्याच्या कुटुंबांसाठी

बडोद्यातील मराठी कुटुंबे परदेशी निघतात ती बहुधा उन्हाळ्याच्या नाहीतर दिवाळीच्या सुट्टीत, आणि अशा सहलीत पुष्कळदा आजी-आजोबांपासून शाळकरी नातवंडांपर्यंत तीन पिढ्या बरोबर असतात. विमानाचे तिकीट आणि व्हिसा यांवर घरात महिनोन्‌महिने खल होतो. त्या देशात एका गावाहून दुसऱ्या गावी कशाने जायचे, हा प्रश्न मात्र हॉटेलांचे आरक्षण होऊन गेल्यावर पुढे येतो. हा क्रम बदलावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. मुक्काम आणि वाहन एकत्रच ठरवावे, आणि ठरवताना कुटुंबात सर्वांत सावकाश चालणाऱ्या व्यक्तीला एका मुक्कामाच्या दारापासून दुसऱ्या मुक्कामाच्या दारापर्यंत किती वेळ लागेल आणि किती पायऱ्या चढाव्या लागतील, हे मोजमाप धरावे.

हा हिशेब आपल्याला नवा नाही. मुंबईला विमान जात असले तरी बडोदेकर बहुधा रेल्वेनेच जातात, कारण विमानतळावर लवकर पोहोचणे, तपासणी, सामानाची वाट पाहणे आणि पुढची टॅक्सी हे सगळे धरले, तर वाचलेला वेळ फारसा उरत नाही. पॅरिसहून लंडनला जाणारी युरोस्टार ही वेगवान रेल्वे सुमारे सव्वादोन तासांत एका शहराच्या मध्यातून दुसऱ्या शहराच्या मध्यात पोहोचवते. उलट स्वस्त विमान कंपन्या वापरतात तो बोव्हे विमानतळ पॅरिसपासून सुमारे ८० किलोमीटर दूर आहे. रेल्वेने साधारण चार तासांत पोहोचता येत असेल, तर विमानाचा विचार सोडून द्यावा. या विशिष्ट मार्गावर मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात: फ्रान्ससह युरोपातील बहुतेक देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसावर ब्रिटनमध्ये प्रवेश मिळत नाही, आणि पासपोर्टची तपासणी पॅरिसच्या स्थानकावर गाडीत चढण्यापूर्वीच होत असल्यामुळे तेथे तास-दीड तास आधी पोहोचावे लागते.

रेल्वे ठरली की पर्यटकांसाठीच्या पासची जाहिरात समोर येते, आणि अनेकजण हिशेब न करता तो घेतात. जपानचा सात दिवसांचा साधा रेल्वे पास २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत २९,६५० येनला मिळत असे. तेव्हापासून तो ५०,००० येन झाला. टोकियो ते क्योतो हे शिंकान्सेनचे, म्हणजे जपानी बुलेट ट्रेनचे, एका बाजूचे भाडे साधारण १४,००० येन आहे, म्हणजे केवळ टोकियो-क्योतो आणि परत एवढाच बेत असलेल्याने हा पास घेऊ नये. युरोपातील अनेक देशांत चालणाऱ्या युरेल या रेल्वे पासच्या धारकांना फ्रान्स, इटली आणि स्पेन या देशांत वेगवान गाड्यांच्या आसनासाठी वेगळे पैसे भरावे लागतात, ही गोष्टही हिशेबात धरावी.

स्वित्झर्लंडमध्ये हा विचार अधिक बारकाईने करावा लागतो. तेथील स्विस ट्रॅव्हल पासवर रेल्वे, बस आणि बहुतेक बोटी चालतात, त्यामुळे रोज गाव बदलणाऱ्या कुटुंबाला तो सोयीचा आहे. तथापि युंगफ्राउयोखसारख्या उंच ठिकाणी जाताना तो वाटेवरच्या ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेन या गावापर्यंतच पूर्ण चालतो आणि त्यापुढे केवळ सवलत देतो. एकाच गावी मुक्काम ठेवून दोन-तीन डोंगरांवरच जायचे असेल, तर महिनाभर चालणारे हाफ फेअर कार्ड पुष्कळदा स्वस्त पडते, कारण अशा डोंगरी गाड्यांचे भाडेही त्यावर निम्मे होते. सोळा वर्षांखालील मुले आई किंवा वडिलांबरोबर असतील, तर फॅमिली कार्ड आठवणीने मागून घ्यावे. ते विनामूल्य असते आणि त्यावर मुलांना भाडे पडत नाही.

सामानाचा विचार आपल्याकडे सर्वांत शेवटी होतो, वास्तविक वाहनाची निवड पुष्कळदा त्यावरच ठरते. टोकियोहून क्योतोकडे जाणाऱ्या शिंकान्सेनमध्ये लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग न्यायची असेल, तर तिच्यासाठी जागा असलेले आसन आधी राखून ठेवावे लागते. तेथे ताक्युबिन नावाची सेवा आहे, जिच्याद्वारे हॉटेलातून दिलेली बॅग बहुधा दुसऱ्या दिवशी पुढच्या हॉटेलात पोहोचते. आजी-आजोबांना घेऊन जाणाऱ्यांनी हा खर्च अवश्य करावा आणि एका रात्रीचे कपडे व औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत.

शहरात फिरताना प्रत्येकजण मेट्रोचाच नकाशा उघडतो. लंडन आणि पॅरिस येथील मेट्रो जुन्या आहेत आणि त्यांच्या अनेक स्थानकांत लिफ्ट नाही, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या माणसाला तेथे मेट्रोपेक्षा बस कितीतरी सुखाची ठरते. लंडनच्या नेहमीच्या बस खालच्या पायरीच्या असून त्यांत चाकांच्या खुर्चीसाठी जागा असते. लंडनच्या बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत. बँकेचे कार्ड यंत्राला टेकवून जाता येते, मात्र प्रत्येक प्रवाशाचे कार्ड वेगळे हवे. आपल्या कार्डावरील परदेशी आणि टॅप करून पैसे देण्याचे व्यवहार पुष्कळदा बंद असतात. ते बँकेच्या ॲपमधून निघण्यापूर्वीच सुरू करून घ्यावेत.

मोटार भाड्याने घेण्याचा मोह सर्वांनाच होतो, आणि न्यूझीलंडच्या दक्षिण बेटासारख्या ठिकाणी, जेथे गावे विरळ आहेत आणि रेल्वे थोडी आहे, तो योग्यही आहे. शिवाय न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि जपान येथे आपल्यासारखीच डावीकडून वाहने चालतात. युरोपच्या जुन्या शहरांत मात्र मोटार ओझेच होते. इटलीतील अनेक शहरांच्या मध्यभागात परवान्याशिवाय वाहन नेण्यास बंदी असते, प्रवेशाच्या जागी कॅमेरे असतात आणि दंडाची सूचना घरी परतल्यावर काही महिन्यांनीही येऊ शकते. भाड्याच्या जाहिरातीत न दिसणारा खर्चही पुष्कळ असतो: एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडण्याचे शुल्क, नुकसान झाल्यास विमा असूनही आपल्याला भरावी लागणारी रक्कम, चालकाच्या स्वतःच्या क्रेडिट कार्डावर अडकणारी अनामत, आणि स्वित्झर्लंडच्या महामार्गांसाठी लागणारा ४० फ्रँकचा वार्षिक परवाना. युरोपात हाताने गिअर बदलण्याच्या गाड्या अजून पुष्कळ आहेत. ऑटोमॅटिक हवी असल्यास आरक्षणातच तसे नोंदवावे.

आंतरराष्ट्रीय चालक परवाना बडोदेकरांना दरजीपुऱ्याच्या आर.टी.ओ.कडून मिळतो. त्याची मुदत एक वर्ष असते आणि मूळ परवाना जवळ असल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. जपान १९४९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे दिलेला परवाना मानतो आणि भारताचा परवाना त्यात बसतो. चीनच्या मुख्य भूमीवर मात्र तो चालत नाही.

सुट्टीचा काळही पाहावा. दिवाळीनंतरच्या नोव्हेंबरात आल्प्समधील अनेक रोपवे देखभालीसाठी बंद असतात आणि दिवस लवकर मावळतो, म्हणून डोंगराचा बेत असेल तर उन्हाळाच निवडावा. जपानमध्ये एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत गोल्डन वीक या तेथील लागोपाठच्या सुट्ट्यांची गर्दी असते. तेव्हा आसने आधी राखल्याशिवाय निघू नये.

पोहोचण्याच्या दिवसासाठी वेगळा नियम करावा. अहमदाबाद किंवा मुंबईहून रात्रभर प्रवास करून उतरल्यावर त्याच दिवशी अनोळखी रस्त्यावर मोटार हाती घेऊ नये. पहिल्या मुक्कामापर्यंतचे वाहन घरूनच ठरवावे, विमान रात्री उतरणार असेल तर शेवटच्या गाडीची वेळ आधी पाहावी, आणि हॉटेलचा पत्ता त्या देशाच्या लिपीत छापून प्रत्येक ज्येष्ठाच्या पिशवीत ठेवावा, म्हणजे चुकामूक झाली तरी तो कागद टॅक्सीचालकाला दाखवता येतो.