सर्व्हर अपग्रेड करायचाय? मूळ डिस्कला हात लावू नका

घरच्या सर्व्हरचं अपग्रेड अर्ध्यात फसलं की साइट बंद आणि रविवार वाया. सिडकोत माझ्याकडे जुन्या मिनी पीसीवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) चालतं. वळवाच्या पावसात ऐन अपग्रेडमध्ये लाइट गेली, मशीन परत उठलंच नाही. तेव्हापासून अपग्रेड फक्त जुळ्या डिस्कवर, म्हणजे मूळ डिस्कच्या हुबेहूब कॉपीवर.

१. एमजी रोडवरून एक एसएसडी आणि यूएसबी केसिंग घेतलं. नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठीच हवी. २५६ जीबीची डिस्क २४० वर उतरत नाही, हे मी पैसे घालवून शिकलो.

२. सर्व्हर नीट शटडाउन करा, क्लोनझिलाच्या (डिस्कची कॉपी करणारं सॉफ्टवेअर) पेनड्राइव्हवरून बूट करा आणि केसिंगमधल्या नव्या डिस्कवर डिस्क-टू-डिस्क कॉपी घ्या.

३. आता कॉपी मशीनमध्ये बसवा. मूळ डिस्कवर मार्करने तारीख लिहून ती ड्रॉवरमध्ये.

४. एसएसएचने (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून सर्व्हर चालवायची सोय) आत शिरून आधी टीमक्स (कनेक्शन तुटलं तरी काम चालू ठेवणारा प्रोग्रॅम) सुरू करा, मगच अपग्रेड. वायफाय तुटलं तरी आतलं काम थांबत नाही.

साइट उघडते का, सर्टबॉटचा (साइटचं एचटीटीपीएस सर्टिफिकेट आणणारा प्रोग्रॅम) ड्राय-रन, म्हणजे नुसती चाचणी, पास होतो का, बघा. बिघडलंच तर चार स्क्रू, जुनी डिस्क, साइट चालू. मूळ डिस्क महिनाभर तरी पुसू नका.

सांभाळा: कॉपी झाल्यावर दोन्ही डिस्क एकाच वेळी जोडून बूट करू नका. दोघींचा यूयूआयडी (डिस्कचा ओळख क्रमांक) एकच असतो, मशीन भलत्याच डिस्कवरून उठतं. आणि डेबियन ११ वरून थेट १३ वर उडी नाही, मध्ये १२ घ्यावंच लागतं.