घर बांधायला काढण्याआधी: सांगली-मिरजेकडच्या मंडळींसाठी तयारीची यादी

यंदा दिवाळीनंतर घर बांधायला काढायचं ज्यांनी ठरवलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमच्या भागात घराचा विषय निघाला की आधी मुहूर्त, मग वास्तू, मग एलिव्हेशन. कार्बनचं नाव निघालंच तर शेवटी, आणि तेही "वर सोलर टाकू की" एवढ्यावर मिटतं. सोलर टाकाच. पण त्याआधी कागद-पेन घेऊन एक हिशेब मांडा.

हजार चौरस फुटांच्या आरसीसी घराला ढोबळमानाने 400 पोती सिमेंट आणि 4 टन लोखंड लागतं. एक टन ओपीसी, म्हणजे राख वगैरे न मिसळलेलं साधं सिमेंट, तयार होताना 850 ते 900 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे 20 टन सिमेंटचे 17 टन तरी झाले. खनिजापासून केलेल्या लोखंडाचे टनामागे 2 टनांहून जास्त, म्हणजे आणखी 8 टन. आता महिन्याला 150 युनिट वीज वापरणारं घर धरा. युनिटमागे 700 ग्रॅमच्या आसपास धरले तर वर्षाचा आकडा सव्वा टनाच्या घरात येतो. (कोयनेचा जलविद्युत प्रकल्प शेजारी आहे म्हणून आपली वीज स्वच्छ, असं पुष्कळांना वाटतं. पण ग्रीड देशभराची एकच आहे आणि तिच्यातली जवळपास पाऊण हिस्सा वीज कोळशाची आहे.) म्हणजे वास्तुशांतीच्या दिवसापर्यंत नुसत्या सिमेंट-लोखंडापोटी वीसेक वर्षांच्या विजेइतका कार्बन जाऊन बसलेला असतो. विटा आणि खडी यात धरलेलीच नाहीत. म्हणूनच या यादीतली निम्मीअधिक कामं नकाशा मंजुरीला जायच्या आधीची आहेत.

पहिलं काम पूररेषा बघण्याचं. 2005, 2019 आणि 2021 चे पूर सांगलीत कुणाला सांगायला नको. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट, आणि 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. प्लॉट निळ्या रेषेत (वरचेवर येणाऱ्या पुराची हद्द) आहे का, लाल रेषेत (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची हद्द) आहे का, हे नकाशावर स्वतः जाऊन बघा. विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. पुरात बुडालेल्या घराचं प्लायवूड, दारं, वायरिंग, गिलावा सगळं काढून पुन्हा करावं लागतं, म्हणजे घराचा बराचसा भाग दुसऱ्यांदा बांधल्यासारखाच. प्लॉट घेऊन झालाच असेल तर शेजाऱ्यांच्या भिंतीवरची पाण्याची खूण मोजून जोतं त्याच्या वर घ्या, आणि बोर्ड-मीटर त्याहून वर.

दुसरं, खोल्या मोजा. मुलगा पुण्यात, मुलगी बंगळुरात आणि वर चार खोल्यांना कुलूप, अशी घरं आपल्या प्रत्येक कॉलनीत आहेत. जे बांधलंच नाही, त्याचं सिमेंटही नाही आणि कर्जही नाही. याहून मोठी बचत या यादीत दुसरी कुठलीच नाही. वरचा मजला लागेलच असं वाटत असेल तर पाया आणि कॉलम त्या हिशेबाने डिझाइन करून घ्या आणि आत्ता खालचाच मजला बांधा. पुढच्यासाठी सोडलेल्या सळ्या उघड्या गंजत ठेवू नका.

जागेवर जुनं घर असेल तर पाडायच्या आधी आरसीसी कन्सल्टंटला दाखवा. सागवानी तुळया, दारांच्या चौकटी, काळा दगड, शहाबादी फरशी हे सगळं पुन्हा वापरता येतं. मात्र सातारा-पाटणकडे मातीत रचलेली जुनी दगडी भिंत तशीच ठेवून तिच्यावर मजला चढवण्याचा मोह टाळा. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप त्या भागात अजून जिवंत आठवणीत आहे. अशा भिंतीला आरपार जाणारे लांब दगड आणि दारा-खिडक्यांच्या वरून सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा लागतो. कार्बन वाचवताना माणसं धोक्यात घालायची नाहीत.

मग माती तपासणी. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते; मुरूम किती खोल लागतो हे कळल्याशिवाय पाया ठरवू नका. तपासणी नसली की डिझाइन करणारा भीतीपोटी जास्त धरतो, आणि ठेकेदार शेजारच्या बंगल्यात 16 मिलिमीटरची सळई होती म्हणून तुमच्याकडे 20 ची टाकतो. तपासणीचा अहवाल आणि आरसीसी ड्रॉइंग हातात असेल तर लोखंड जिथे हवं तिथेच आणि हवं तेवढंच जातं. सळ्या कापायच्या लांबीचा तक्ता आधीच मागून घ्या, म्हणजे तुकडे भंगारात कमी जातील.

आता सिमेंट, कारण सगळ्यात जास्त कार्बन इथेच आहे. चुनखडी 1450 अंशांच्या आसपास भाजली जाते, आणि बाहेर पडणाऱ्या वायूतला साठ टक्क्यांच्या आसपास वायू इंधनातून नव्हे, त्या दगडातूनच निघतो. भट्टी कितीही चांगली केली तरी तो निघणारच. म्हणून क्लिंकर (भट्टीत भाजून निघालेले खडे, जे दळून सिमेंट होतं) कमी असलेलं सिमेंट घ्यायचं: राखमिश्रित पीपीसी, ज्यात 15 ते 35 टक्के फ्लाय ॲश असते, किंवा स्लॅगचं (लोखंडाच्या भट्टीतल्या मळीचं) पीएससी, ज्यात स्लॅग 25 ते 70 टक्के असतो. दोन्ही दुकानात सहज मिळतात. पीपीसीच्या पोत्यावर आयएस 1489 छापलेलं असतं आणि शेजारी आठवडा व वर्ष. ते वाचल्याशिवाय पोतं उतरवून घेऊ नका. तीन महिने पडून राहिलेल्या सिमेंटची ताकद उतरते, म्हणून भाव वाढणार या धास्तीने गोदाम भरू नका. लागेल तसं मागवा आणि फळ्यांवर, भिंतीपासून लांब रचा.

ठेकेदार म्हणेल, "साहेब, स्लॅबला ओपीसी 53 च लागतं." त्याची अडचण समजून घ्या: पीपीसी सुरुवातीला सावकाश ताकद धरतं आणि त्याला सेंट्रिंग (स्लॅबखालच्या फळ्या आणि टेकू) लवकर काढून दुसऱ्या साइटवर न्यायचं असतं. तेव्हा करारातच सेंट्रिंगचे जादा दिवस लिहा आणि त्याचं भाडं ठरवून टाका. वाद मिटतो. पाणी मारणं पीपीसीला किमान 10 दिवस, कडक उन्हात 14. स्लॅबवर वाळूचे आळे करून पाणी साठवून ठेवा. आणि माल कालवताना मात्र पाणी आवरा. 50 किलोच्या पोत्याला 25 ते 27 लिटर पुरतं. मिक्सरपाशी कुणीतरी घरचं माणूस बादली मोजत उभं राहिलं पाहिजे, कारण माल पातळ केला की पसरायला सोपा जातो आणि काँक्रीट कच्चं राहतं.

भिंतींना फ्लाय ॲशच्या विटा किंवा एएसी ब्लॉक (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे) चालतात. नदीकाठच्या भट्टीची लाल वीटच हवी असेल तर वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेली रॅट ट्रॅप रचना बघा. विटा उभ्या लावून मध्ये पोकळी सोडायची. सुमारे चतुर्थांश विटा वाचतात आणि पोकळीमुळे ऊन आत कमी येतं. गवंडी ही रचना आधी केलेला असेल तरच, नाहीतर कंपाउंडच्या भिंतीवर हात बसवून घ्या.

उन्हाचं म्हणाल तर सांगलीत मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात एक दिवस भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या खांबाची सावली बुडाशीच पडते. म्हणजे उन्हाळ्यात सगळ्यात जास्त तापतो तो स्लॅब. एप्रिलमध्ये कुणाच्याही वरच्या मजल्यावर रात्री दहा वाजता स्टुलावर चढून छताला हात लावा, प्लास्टर अजून कोमट लागेल. एसी याच उष्णतेसाठी घेतला जातो. तेव्हा गच्चीवर पांढरी चायना मोझॅक (फरशीच्या चकचकीत तुकड्यांचा थर) धरा, आणि पैसे कमी पडत असतील तर पीओपीचं छत वगळा, हे वगळू नका. दुसरी तापणारी बाजू पश्चिमेची. तिकडे जिना, बाथरूम, कपाटं. नैर्ऋत्येला बेडरूम ठेवायचीच असेल तर तिची पश्चिमेची खिडकी लहान आणि छज्जा खोल ठेवा.

सोलरची तयारीही नकाशातच होते. पाण्याची टाकी आणि जिन्याची खोली गच्चीच्या उत्तरेला घ्या, नाहीतर पॅनेलवर सावली पडत राहील. एका किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला सरासरी 4 युनिट मिळतात. 2024 साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे. गच्चीपासून मीटरपर्यंत मोकळा पाइप आत्ताच भिंतीत टाका. पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, घ्या. जुन्या 75 वॅटच्या जागी 30 वॅटमध्ये तेवढाच वारा मिळतो.

शेवटचं काम गिलाव्याच्या आदल्या दिवशी. प्रत्येक भिंतीचा, वायरिंगच्या आणि पाण्याच्या पाइपांसकट, टेप लावून फोटो काढा. ते फोटो, आरसीसी ड्रॉइंग, माती तपासणीचा अहवाल आणि सिमेंटची बिलं एका फाइलमध्ये घाला, आणि फाइल घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. दहा वर्षांनी मुलगी परत आली आणि वर मजला घ्यायचा म्हणाली, तर कॉलम किती पेलतो ते त्या फाइलमध्ये सापडेल, काहीही न फोडता.