ऑनलाइन क्लास सुरू करताय? आधी एकच धडा विका

कोथरूड, सिंहगड रोडच्या सोसायट्यांत घरबसल्या ऑनलाइन शिकवण्या घेणारे बरेच दिसतात. त्यातले कित्येकजण वेबसाइट, लोगो, रिंगलाइट यांतच अडकतात. विद्यार्थी मात्र एकही नसतो!

त्यापेक्षा एकच विषय घ्या, तोही छोटा. दहावीचं अख्खं गणित नको. भाग 2 मधली फक्त त्रिकोणमिती. ओळखीतली चार मुलं जमवा आणि फी पहिल्यापासून घ्या, थोडी का होईना. फुकटच्या क्लासला मुलं दांड्या मारतात आणि पालकही खरं काय ते सांगत नाहीत.

झूमचं मोफत खातं 40 मिनिटांनी मीटिंग बंद करतं. ते पथ्यावरच पडतं: 30 मिनिटं शिकवायचं, 10 मिनिटं मुलांनी वहीतलं गणित कॅमेऱ्यासमोर धरायचं. फळा नसेल तर दोन स्टीलच्या डब्यांवर फूटपट्टी आडवी टाका, तिच्यावर मोबाइल असा ठेवा की मागचा कॅमेरा पट्टीबाहेर राहून खाली बघेल, खाली कागद. स्वच्छ दिसतं.

क्लास संपल्या संपल्या, चहाच्या आधी, कुठल्या पायरीला मुलं गप्प झाली ते लिहून काढा. पुढचा तास त्यावरूनच ठरवा. छापील अभ्यासक्रमाची पीडीएफ नंतर करता येते.

आणि हो, पुण्यात गुरुवारी बॅच ठेवू नका. महावितरणची दुरुस्तीची कामं बहुधा त्याच दिवशी निघतात, आणि वीज गेली की वायफायही जातं.